बिंदू हरवला की राग हरवतो

शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे गाणं शिकले, ते आपल्या नागपुरात. तिथल्या आजच्या विद्यार्थ्याला पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग बहुधा हाथरसच्या हिंदी आवृत्तीतच भेटतात. मूळ ग्रंथ मराठीत लिहिले गेले, म्हणून त्यांचं मराठीत पुनर्मुद्रण व्हायलाच हवं.

कायद्याची आडकाठी नाही. भातखंडे १९३६ साली वारले. प्रताधिकारासाठी लेखकाच्या मृत्यूनंतर मोजायची साठ वर्षंही १९९६ अखेर संपली.

खरी कसोटी छपाईची. भातखंडे यांच्या स्वरलिपीत अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, ‘म’वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. खाली बिंदू मंद्र सप्तकाचा, वर बिंदू तार सप्तकाचा. एका मात्रेतले स्वर खालच्या कंसानं बांधलेले, समेला फुली, खालीला शून्य. मजकूर नव्यानं जुळवताना ‘ग’खालची रेघ सुटली, तर बागेश्रीचा कोमल गंधार शुद्ध होतो, आणि शिकणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून जुनी पानं जशीच्या तशी स्कॅन करून छापावीत. नवी जुळणी करायचीच असेल, तर मुद्रितं एखाद्या जाणत्या गायकानं प्रत्येक ओळ गाऊन तपासावीत.