महामार्ग आणि आपल्या वस्तीचा प्रश्न
(सोलापूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यातील शिवारांत गेली काही वर्षे दोन मोठ्या रस्त्यांची चर्चा चालू आहे. पहिला केंद्र सरकारचा सुरत-चेन्नई महामार्ग. तो बार्शी, दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या तालुक्यांतून आखण्यात आला. दुसरा महाराष्ट्र शासनाचा नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्ह्यांतून, सुमारे ८०२ किलोमीटर अशी त्याची मूळ आखणी होती. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या दुसऱ्या रस्त्यासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली, आणि लगेच १ जुलै रोजी, कृषिदिनी, ठिकठिकाणचे शेतकरी विरोधासाठी रस्त्यावर उतरले. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या शिक्षणसंस्थेमुळे बार्शी हे विद्येचे गाव झाले. आसपासच्या खेड्यांतील आपली मुलेही तेथील महाविद्यालयांत शिकतात. त्याच तालुक्याच्या शिवारांतून हे रस्ते जावयाचे आहेत.

अशा वेळी आपल्या वस्तीवर एक वाक्य वारंवार ऐकू येते: "आपली कोठे जमीन आहे? ज्यांची आहे ते भांडतील." या वाक्याविषयीच मला आपणांशी बोलावयाचे आहे.

शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही, हे प्रथम मान्य करू. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण जमिनीच्या बाजारभावास एक ते दोन यांमधील गुणकाने गुणावयाचे व त्यावर तितकीच रक्कम दिलासा म्हणून द्यावयाची असते. गुणक दोन असेल तर मोबदला चौपट होतो, एक असेल तर दुप्पट. महाराष्ट्रात पूर्वी दोनचा गुणक होता. २०२१ मध्ये शासनाने राष्ट्रीय महामार्गांपुरता तो एकावर आणला. म्हणजे शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी ज्या हिशेबाने पैसे मिळाले त्याच्या निम्म्या हिशेबाने आज मिळणार. माणूस चिडणार नाही तर काय करील? त्यातून बाजारभाव ठरतो तो नोंदलेल्या खरेदीखतांवरून, आणि खेड्यात खरेदीखतात खरी किंमत क्वचितच लिहितात, हे आपण सर्व जाणतो.

परंतु या सगळ्या हिशेबात एक माणूस कोठेच दिसत नाही. ज्या रानातून रस्ता जाणार, त्या रानात खुरपणीला जाणारी बाई, ऊसतोडीला जाणारा गडी, अर्धेलीने जमीन कसणारा कुळवाडी. यांच्या नावावर गुंठाही नाही. शेत गेले की मालकाच्या हाती धनादेश पडतो. मजुराच्या हाती काय पडते?

त्याच २०१३ च्या कायद्याने "बाधित कुटुंब" या शब्दाची व्याख्या केली आहे. जमीन नसलेले, परंतु संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून राबलेले व ज्यांचे पोट मुख्यतः त्याच जमिनीवर होते, असे कुटुंबही बाधितच होय, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बाधित कुटुंबासाठी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत प्रकल्पातील नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये, असे पर्याय सांगितले आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनास या कायद्यातील पुष्कळ कलमे लागू नाहीत; सामाजिक परिणामांची पाहणी त्यांतच गळाली. तथापि पहिली, दुसरी व तिसरी या अनुसूची १ जानेवारी २०१५ पासून लागू आहेत. आता मला सांगा, आपल्यापैकी किती मजुरांनी "मी बाधित आहे" असा एक तरी अर्ज प्रांत कचेरीत दिला आहे?

ज्यांच्या नावे थोडीबहुत जमीन आहे त्यांचीही गोष्ट सरळ नाही, कारण ती बहुधा वतनाची आहे. वतनापायी आपल्या वाडवडिलांनी सरकारी टपाल वाहिले, अंमलदारांची ओझी वाहिली, मेलेली जनावरे ओढली. गावच्या शिवेचा तंटा पडला तर साक्ष त्यांचीच घेतली जाई. ही गुलामी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वतन नाहीसे करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला, तो पाहण्यास ते नव्हते. त्या कायद्याने जमिनी सरकारजमा होऊन भोगवट्याची किंमत भरणारास परत मिळाल्या, आणि त्याही नव्या शर्तीवर, म्हणजे भोगवटादार वर्ग दोन म्हणून. ज्यांना ती किंमत भरता आली नाही, किंवा भरावयाची असते हे कोणी सांगितलेच नाही, त्यांचा कब्जा पिढ्यान् पिढ्या चालू राहिला आणि कागदावर नाव राहिले सरकारचे. आज महामार्गाचा अधिकारी उतारा पाहतो, कब्जा पाहत नाही. उताऱ्यावर मयत आजोबांचे नाव, त्याखाली चाळीस हिस्सेदार, आणि मुलींची नावे तर नाहीतच. वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्न होऊन पंढरपूरला गेली म्हणून तिचे नाव गाळणे ही चोरी आहे, मग ती आपल्याच घरात का होईना!

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण सभांतून तिचा उल्लेख फारसा होत नाही. हे नवे रस्ते जुन्या रस्त्यांसारखे नाहीत. दोन्ही बाजूंनी बंद, ठरलेल्या जागीच चढावयाचे व उतरावयाचे. बैलगाडी, सायकल व पायी जाणारा यांना तो ओलांडावयाचा तर खालून भुयारी मार्ग हवा. तो कोठे ठेवावयाचा हे नकाशावर ठरते. मोटार असलेल्यास दोन कोसांचा वळसा काही नाही. डोक्यावर भाकरी घेऊन रानात जाणाऱ्या बाईची मात्र त्यात अर्धी मजुरी जाते. वस्तीपासून रानापर्यंत, शाळेपर्यंत व स्मशानभूमीपर्यंतची वाट मोकळी राहील काय, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. दुसरा कोणी तो आपल्यासाठी विचारणार नाही.

कोणी म्हणतात की, शक्तिपीठांच्या नावाचा रस्ता, आपला काय संबंध? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचा शक्तिपीठांच्या पूजेशी संबंध नाही हे खरे. पण ज्या रानात आपण राबतो त्या रानाशी आहे. नावावरून वाद घालण्यात शक्ती दवडू नये असे माझे मत आहे.

मग शेतकऱ्यांच्या कृती समितीत जावे काय? ज्याने काल आपल्याला बांधावर उभे राहू दिले नाही त्याच्याच सभेत सतरंजीवर बसावे काय? जावे, परंतु गर्दी वाढवावयास जाऊ नये. मजुराच्या पुनर्वसनाची व वतनी जमिनीच्या नोंदीची मागणी समितीच्या निवेदनात लेखी घालून घ्यावी, आणि ती घेत नसतील तर आपले निवेदन वेगळे द्यावे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, तेव्हा मागण्या स्वतःच्याच होत्या. एकजुटीने विरोध केला तर शासन हलते, हेही दिसले आहे. कोल्हापुरात लोकांनी रान उठविले, तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यापुरती संपादनाची अधिसूचना शासनास मागे घ्यावी लागली होती.

आता कामाचे बोलतो. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली कलम ३(ए) ची अधिसूचना निघते. तिचा मजकूर दोन वृत्तपत्रांत येतो, त्यांपैकी एक मराठी असते. प्रसिद्धीपासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावयाची, व तिची पोच घ्यावयाची. पोच नसलेली हरकत म्हणजे वाऱ्यावरचे बोलणे. पुढे कलम ३(डी) ची घोषणा झाली की जमीन सरकारची होते. त्यानंतर मोबदला ठरविण्यापूर्वी हितसंबंधितांकडून दावे मागविण्याची दुसरी जाहीर नोटीस निघते. त्या वेळी हिस्सेदारांनी, मुलींनी, वाटेकऱ्यांनी आपापले दावे दाखल करावेत. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातील एक माणूस रानात हजर हवाच. विहीर, पाइपलाइन, आंब्याचे झाड, पत्र्याचे छप्पर, जे पंचनाम्यात आले नाही त्याचा पैसा मागून मिळविणे फार कठीण.

ज्यांच्या घरी जुने उतारे आहेत त्यांनी ते आताच पेटीतून काढावेत. सातबारा, आठ-अ, वतन खालसा झाल्याचा फेरफार, भोगवट्याची किंमत भरल्याची पावती असल्यास ती. नसल्यास तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी. मजुरांनी तीन वर्षे कोणाच्या रानात काम केले ते मालकाच्या नावासह व गटनंबरासह लिहून ठेवावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या वस्तीवरील जी मुले-मुली बार्शीला व सोलापूरला महाविद्यालयांत जातात, त्यांनी सुटीच्या दिवशी घरोघर बसून हे अर्ज लिहून द्यावेत, आणि अर्जाची एक प्रत विहारात ठेवावी.

जयभीम.