मलाही दिसतंय

गटाची बैठक उरकल्यावर सगळ्या मिळून सिनेमा बघू म्हटलं, आणि कुणी भुताच्या सिनेमाचं नाव काढलं, की निम्म्या जणी नको म्हणतात. रक्त, कापाकापी बघवत नाही, हे त्यांचं कारण. म्हणून आज तीन सिनेमे सांगते. त्यांत रक्त कमी आहे. भीती आहे ती मनातली.

पहिला हिंदी, ‘भूल भुलैया’, 2007 सालचा. विद्या बालन, अक्षय कुमार. जुना वाडा, बंद खोली, रात्री घुंगरांचा आवाज. घरचे म्हणतात भूत. डॉक्टर म्हणतो मनाचा आजार. मूळ गोष्ट 1993 च्या मल्याळी सिनेमाची. हसवतोही भरपूर, तेव्हा सुरुवात इथून करा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात दाखवलाय तसा आजार एका रात्रीत बरा होत नसतो. त्याला उपचार लागतात, वेळ लागतो.

दुसरा आपला मराठी, ‘लपाछपी’. पूजा सावंतचं काम बघण्यासारखं आहे. गरोदर बाई उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. तिला लहान मुलं दिसतात, नवऱ्याला खरं वाटत नाही. मुलगी नको म्हणणाऱ्या घराची ही गोष्ट. शेवटी मारामारी आहे. ज्या पोटुशा आहेत त्यांनी हा सध्या बघू नये.

तिसरा जुना, 1944 सालचा, इंग्रजी, ‘गॅसलाइट’. भाषेसाठी एखादी कॉलेजातली पोरगी शेजारी बसवा. लंडनमधलं घर. नवरा बायकोला सारखा म्हणतो, तू विसरतेस, तू वस्तू लपवतेस, तुझं डोकं ठिकाणावर नाही. रात्री तो बाहेर गेला की तिच्या खोलीतला दिवा मंद होतो, वर पावलं वाजतात. का, ते सांगत नाही. पण एक परका माणूस तो दिवा बघतो आणि म्हणतो, मलाही दिसतंय. तेवढ्यावर त्या बाईच्या जिवात जीव येतो. या कामासाठी इंग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं.

बायांनो, असा दिवा आपल्या गल्लीतही मंद होत असतो. एखादीला घरात रोज वेडी म्हणतात, आणि हळूहळू तिलाही ते पटायला लागतं. एखादीच्या अंगात येतं म्हणून तिला मांत्रिकाकडे ओढून नेतात. सिनेमा संपला की लगेच उठू नका. गटातली कोण अलीकडे गप्प गप्प असते, बैठकीला येत नाही, ते आठवा. तिच्याकडे जा, आधी तिचं ऐका. झोप उडाली असेल, कानात आवाज येत असतील, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर तिला लावून द्या. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

येते. नमस्कार.