आधी भाडेकरू, मग जमीन

परदेशात बस्तान बसले की आपल्याकडे काहीतरी घेऊन ठेवावे आणि त्याचे भाडे येत राहावे, अशी इच्छा बहुतेकांना होते. ती गैर नाही. पण सुरुवात नेहमी जमिनीपासून होते. गुंठ्याला भाव काय, रस्ता किती फुटी, डोंगर दिसतो का, एवढेच विचारले जाते. तिथे भाड्याने राहणार कोण, तो महिन्याला किती देऊ शकेल आणि दहा वर्षांनी तो तिथे असेल का, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की भाड्यासाठी गुंतवणूक करणाऱ्याने आधी भाडेकरू शोधावा आणि जमीन त्याच्या मागून पाहावी.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातले म्हसा गाव घ्या. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार, दुकाने, तंबू यांनी माळ भरून जातो आणि त्या दिवसांत हातभर जागेलाही मोल येते. जत्रा उठली की माळ मोकळा. वर्षाचे बारा महिने भाडे भरणारा माणूस वेगळ्या ठिकाणी सापडतो. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला असतो. शहापूर तालुक्यातल्या वाशिंद, आसनगाव, आटगावहून रोज सकाळची लोकल पकडून कल्याण-ठाण्याला जातो. तालुक्याच्या गावी बदलीवर आलेला शिक्षक, परिचारिका किंवा बँकेतला कर्मचारी असतो. त्याला डोंगराचा देखावा नको; पाणी, वीज आणि स्टेशन किंवा कारखान्याचे फाटक जवळ हवे. आसनगाव स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा साधा वन आरके त्याच्या उपयोगाचा आहे. म्हशाच्या आसपासचा टुमदार बंगला मात्र राखणदाराचा पगार आणि पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी खात बसतो.

हिशेबही मांडून पाहा. समजा, पंचवीस लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडे सात हजार. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार झाले. त्यातून एक महिना रिकामा जाणार, सोसायटीचा मेन्टेनन्स, घरपट्टी, दुरुस्ती वजा करा. साठ हजार उरले तरी परतावा अडीच टक्क्यांच्या आतच येतो. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते, आणि तिचा नळ गळत नाही.

यावर लगेच म्हटले जाईल की खरा फायदा भाव वाढण्यात आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. कल्याण-मुरबाड रेल्वेकडेही लोक डोळे लावून बसले आहेत. भाव वाढतीलही. पण तो जमिनीचा व्यापार झाला, घरमालकी नव्हे, आणि या व्यापारात परदेशस्थाचे हात बांधलेले आहेत. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात घर आणि दुकानाचा गाळा घेऊ शकतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेऊ शकत नाही. वारशाने आलेली शेती ठेवता येते, ती गोष्ट वेगळी. शिवाय शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. तेव्हा ‘आज शेती आहे, वर्षात बिनशेती करून देतो’ असे कोणी म्हणाले तर सातबारा आणि जुने फेरफार वकिलाकडून वाचून घ्यावेत. भावाच्या नावावर घेऊन ठेवण्याची युक्ती तर भाऊबंदकीला दिलेले आमंत्रणच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही. ठाणे जिल्ह्यात ही भीती आजोबांपासून आली आहे. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. माझ्या मते ते न्याय्य होते, पण ‘कूळ लागेल’ ही धास्ती घरोघरी राहिली. शहरात १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. ही तरतूद कालबाह्य आणि अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले, तोवर दोन पिढ्यांची मने कलुषित झाली होती. परिणाम असा की २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती, आणि शहरी भारतात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण १९६१ मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घर बंद ठेवणे हा या भीतीवरचा सर्वांत महागडा उपाय आहे.

कायदा बदलला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत काढता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने भरपाई मागता येते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हा सल्ला इथे चालत नाही: नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हा कायदा ठरलेल्या क्षेत्रांनाच लागू असल्यामुळे खेड्यातली जागा असेल तर आधी चौकशी करावी. नोंदणी मात्र तिथेही करावी.

राहिला कर, आणि इथे भाडेकरूची निवड पुन्हा महत्त्वाची ठरते. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून साधारण तीस टक्के आणि वर उपकर कापून सरकारकडे भरायचा असतो, मग भाडे कितीही लहान असो. कारखान्यातला फिटर हे कसे करणार? आपल्या इंजिनिअरांसाठी खोल्या घेणारी कंपनी मात्र हे बिनबोभाट करते, तिच्याकडे हिशेबनीस असतो. एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेली जागा तर भाडे नियंत्रणातूनच वगळलेली आहे. म्हणून परदेशातून पहिले घर घेणाऱ्याने दलालाला भाव विचारण्याआधी मुरबाडमधल्या दोन-चार कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांना विचारावे: तुम्ही कर्मचाऱ्यांसाठी घरे घेता का, किती खोल्यांची आणि कितीला? उत्तर ‘नाही’ आले तर घर घेऊच नये. ‘हो’ आले तर गावातल्या विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावे, भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. त्या नातेवाइकाला दर महिन्याचा मेहनताना मात्र आधीच ठरवून द्यावा, नात्याच्या भिडेवर काम टाकू नये.