दयेचा जमाखर्च : पिल्लाचे लसीकरण



शिरपूरच्या पेठेतील व्यापारी नवा माल भरण्यापूर्वी भाडे, हमाली आणि घट यांचा हिशेब मांडतो. मात्र मुलांच्या हट्टापायी त्याच्या घरी कुत्र्याचे पिल्लू येते, तेव्हा हिशेबाची वही कोणी उघडत नाही. नाव ठरते, दुधाची वाटी ठरते; लसीचा खर्च मात्र ‘पुढे पाहू’ या खात्यावर पडतो.

वस्तुतः हा हिशेब अवघड नाही. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील संयुक्त लसीची पहिली मात्रा द्यावी लागते. पुढे ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा येतात. एकच मात्रा पुरत नाही, यास कारण आहे. आईच्या दुधातून लाभलेले संरक्षण पिल्लाला जपते, तसेच ते लसीचा परिणामही रोखते. आणि ते केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लात निराळे असते. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस व तिची पुनर्मात्रा. पहिल्या वर्षी साधारणतः ५ वेळा टोचावे लागते. पुढे दोन्ही लसी वर्षातून एकदा धरल्या, तर १२ वर्षांच्या आयुष्यात आणखी २२, एकूण २७. नेमके वेळापत्रक पशुवैद्य ठरवतील. या संख्येला त्यांच्या दराने गुणावे आणि जंताच्या औषधाची रक्कम मिळवावी. पहिल्या वर्षाचा बहुतेक भार आरंभीच्या तीन-चार महिन्यांतच पडतो. म्हणून तेवढी रक्कम पिल्लू येण्यापूर्वीच बाजूला असावी. पुढील वर्षांसाठी दरमहा थोडे थोडे पुरते.

ही बचत टाळणाऱ्यास तोटाच होतो. पार्व्होने उलट्या व रक्ताची हगवण सुरू झाली की सलाईन आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांचा खर्च लसीहून कितीतरी अधिक. शिवाय पिल्लू वाचेलच असे नाही. रेबीजचा धोका तर घरातील माणसांनाही आहे. माणसांतील रेबीजची सुमारे ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यांमुळे घडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. घरचा कुत्रा लस घेतलेला असला तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून राहू नये.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे हा एक अतिचार आहे. आज दारी आणलेल्या मुक्या जीवाची लस रोखणे हे त्याहून फार दूरचे नव्हे. ज्यास हा खर्च झेपत नाही, त्याने पिल्लू न आणणे हीही दयाच होय. ज्याने आणले, त्याने दिवाळीला वहीपूजन करताना एक पान त्या जीवाच्या नावे राखावे.

जय जिनेंद्र.