आपले मत कोणाचे?

(नाशिक येथील द्वारका भागात भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या समाजाने निवडणुकीत एका उमेदवारास जाहीर पाठिंबा द्यावा, अशी सूचना सभेपुढे आली आहे. सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. संख्येने थोडे असलेल्यांनी एकवटल्याखेरीज त्यांची दखल कोणी घेत नाही, हे त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे. तथापि या सूचनेस माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे मी आपणांपुढे नम्रपणे ठेवू इच्छितो.

प्रथम आपल्या पूर्वस्थितीचा विचार करू. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी ही आपल्या हातची कामे, आणि त्यांचा मोबदला म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे बलुते. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुताराचे मत आणि पाटलाचे मत कायद्याने एकाच मोलाचे ठरले. परंतु ज्याच्या खळ्यावर वर्षाची बेगमी अवलंबून, त्याच्या मर्जीविरुद्ध मत देण्याचे धैर्य गावात दोनच घरे असलेल्या माणसाने आणावे कोठून? पुढे लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला आणि बलुते सुटले. पोटाची ओढाताण झाली खरी, पण मतावरचे ओझेही त्याबरोबर उतरले. असे मोकळे झालेले मत आपण आपल्याच हाताने दुसऱ्या दावणीस बांधावे काय?

खेड्यातील माणूस गठ्ठ्यानेच मत देतो, असे शहरात मानले जाते. आपल्या जिल्ह्याची साक्ष निराळी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात, 1957 साली, नाशिकने दादासाहेब गायकवाड यांना लोकसभेत धाडले. त्याच नाशिकमधून 1963 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून गेले. अलीकडचेच पाहा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 च्या आरंभी खुली झाली. 20 मे रोजी मतदान झाले आणि दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या. सहा महिन्यांनी त्याच लोकसभा मतदारसंघातील विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. मधल्या काळात बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते. कारणमीमांसा कोणी कशीही करो, जो मतदार वर्षाच्या आत दोन निवडणुका दोन निरनिराळ्या तागड्यांत तोलतो, त्याला मेंढरांचा कळप कसे म्हणावे?

आता दिंडोरीचीच दुसरी बाजू ऐका. एका पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजविणारा माणूस, आणि एका अपक्षाच्या चिन्हाचे नाव होते नुसते तुतारी. त्या अपक्षास एक लाखाहून अधिक मते पडली. माणूस आणि त्याचे काम न पाहता केवळ चिन्ह सांगितले गेले, की असा घोटाळा संभवतो. आपला पाठिंब्याचा ठरावही अखेर चिन्हच सांगणार.

सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे. गुप्त मतदान हे दुबळ्याचे कवच आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे बाहेर येऊ लागला. हे आकडे एकत्र करणारे यंत्र वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 मध्ये केली, पण ती अमलात आली नाही. आपण येथे नाशिकात टाळ्यांच्या गजरात ठराव करू आणि घरोघर जाऊ. पण गावात दुसऱ्या पक्षाचे वजन असेल, तर दुसऱ्या दिवशी आकडे वाचून बोट कोणाकडे दाखविले जाईल? त्या दोन घरांकडे! त्यांनी कोणाला मत दिले हे कोणी विचारणारही नाही. ठराव आपला आणि त्याची किंमत त्यांनी मोजायची, हा न्याय नव्हे.

ही भीती काल्पनिक नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली आणि तीत सुतारकामाचा समावेश आहे. परंतु ग्रामीण कारागिराच्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. ज्या पंचायतीशी वैर, तिच्याच दारी कागद घेऊन उभे राहावे लागते.

मत एकगठ्ठा झाले, की त्याला भाव येतो. आणि भाव आला, की बाजार दूर नसतो. देवळा तालुक्यातील उमराणे येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे प्रकरण गाजले. बोली दोन कोटींच्या वर गेली होती. पैसा मंदिरासाठी होता, म्हणून कित्येकांना त्यात गैर वाटले नाही. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तेथील निवडणूक प्रक्रिया रद्द केली. देवाच्या नावाने जे अयोग्य, ते समाजाच्या नावाने योग्य कसे होईल? शिवाय उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी जातीच्या नावावर मत मागणे कायद्याने भ्रष्टाचारात मोडते, याचेही स्मरण असावे.

मग संघटनेने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. प्रत्येक उमेदवारास समाजाचे लेखी प्रश्न द्यावेत. आमच्या किती कारागिरांचे अर्ज पंचायतीत अडकले आहेत आणि ते आपण कसे सोडविणार? खेड्यातून शिकावयास येणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या निवासासाठी काय करणार? येतील ती उत्तरे छापून घरोघर पोहोचवावीत आणि तेथे थांबावे. पुढचा निर्णय ज्याचा त्याने, जिचा तिने करावा. सुनेचे मत सासऱ्याने ठरवू नये, तसेच खेड्यातल्या बांधवाचे मत शहरातल्या कार्यकारिणीने ठरवू नये.

लाकडाला रेषा पाहून रंधा लावावा लागतो, हे या सभेस मी काय सांगावे? माणसाच्या मनालाही स्वतःची रेषा असते. तिच्याविरुद्ध रंधा न चालविता ही सूचना सभेने परत करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.