शिवथरघळ आणि अक्षराचं वळण

रोजच्या सवयी वेगळ्या आणि अध्यात्म वेगळं, असं आपण धरून चालतो; दासबोध मात्र ही फारकत मानत नाही. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. 20 दशक, 200 समास. ब्रह्मनिरूपण तर आहेच, पण 19व्या दशकाचा पहिलाच समास चक्क अक्षर कसं काढावं यावर! अक्षर वाटोळं हवं, ओळींतलं अंतर सारखं, आणि पोथीभर लेखणी एकच वाटावी. कुणी म्हणेल, ही तर कारकुनी. पण पानभर हात ढळू द्यायचा नसेल, तर मनाला प्रत्येक अक्षरापाशी थांबावंच लागतं; हल्ली यालाच माइंडफुलनेस म्हणतात. नुसतं गिरवणं यांत्रिक होतं, हा आक्षेप मात्र खरा. म्हणूनच त्याच ग्रंथात श्रवण-मननाचा आग्रह पुन्हापुन्हा येतो.