बोंडअळीच्या जनुकात काय झाले?

वणी, मारेगाव, केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतून आलेले विज्ञानशिक्षक, आणि वेचणीचे दिवस असूनही मागच्या रांगांत येऊन बसलेले शेतकरी बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने सुरुवातीची दहा मिनिटे आपण या पदाला कसे पात्र नाही हे सांगण्यात घालवावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. ती दहा मिनिटे मी विषयाला देतो.

विषय संयोजकांनीच ठरवून दिला आहे: जनुकातले उत्परिवर्तन आणि त्याचा डीएनएच्या प्रतिकृतीवर, प्रतिलेखनावर, प्रथिननिर्मितीवर होणारा परिणाम. दहावीला शिकवणाऱ्यांना हा पाठ तोंडपाठ असेल. डीएनएवरून एम-आरएनए, एम-आरएनएवरून प्रथिन. बाणांची आकृती काढायची, नावे द्यायची, गुण घ्यायचे. उत्परिवर्तनाच्या वाट्याला काही ओळी येतात. मुलांना वाटते, हे सगळे कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेत घडत असते. मुकुटबन परिसरात जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे, म्हणून इथे खाणी आल्या, सिमेंटचा कारखाना आला. जमिनीच्या वर मात्र अजून पऱ्हाटीच उभी आहे, आणि या पाठाचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही असे जे मला वाटते, ते त्या पऱ्हाटीच्या बोंडात बसलेले आहे. गुलाबी बोंडअळी.

2017 चा हंगाम इथे कोणाला आठवून द्यावा लागणार नाही. आधी फवारणीच्या विषबाधेने या एका जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या दुःखातून बाहेर पडतो न पडतो तोच बोंडअळी उघडी पडली. बोंड वरून हिरवेगार, फोडले की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. बियाण्याचे पाकीट तर बीटीचे होते, आणि बोंडअळी लागणार नाही या भरवशाचे पैसेही त्यातच मोजलेले होते. मग गावोगावी एकच प्रश्न: बियाणे बोगस होते का? काही ठिकाणी असेलही. पण मुख्य उत्तर बियाण्यात नव्हते. ते अळीच्या डीएनएत होते.

आधी बीटीचे काम कसे चालते ते पाहू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातले आहे. ते जनुक कपाशीच्या पेशीत वाचले जाते आणि क्राय-1-एसी नावाचे प्रथिन तयार होते. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की हे प्रथिन तिच्या आतड्यात जाते, तिथे कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आतड्याच्या पेशींना भोके पाडते, आणि अळी मरते. म्हणजे विषाला बसायला जागा लागते. ती जागा अळी स्वतःच पुरवते, स्वतःच्या कॅडहेरिनच्या जनुकावरून. आता ते जनुकच बिघडले तर?

डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. मुलांना हे फळ्यावर दाखवायचे असेल तर एक ओळ लिहा: ‘शरद सतत भजन करत’. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता ‘भ’च्या जागी ‘व’ लिहा. ‘शरद सतत वजन करत.’ ओळ शाबूत राहिली, अर्थ बदलला. दुसऱ्या वेळी ‘शरद’मधला ‘र’ गाळा, पण तीन-तीन अक्षरांचा नियम मोडू नका: ‘शदस ततभ जनक रत’. एक अक्षर गेले आणि पुढचे सगळे वाया. तिसऱ्या वेळी ‘सतत’नंतर पूर्णविराम ठोका. शरदचे पुढे काय झाले, कोणालाच कळणार नाही. पेशीतही असेच अवेळी पूर्णविराम पडतात, आणि प्रथिन अर्धवट तुटून राहते.

अळीच्या बाबतीत यातला कोणता प्रकार घडला? 2014 साली अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी मिळून भारतातल्या शेतांतून आणलेल्या गुलाबी बोंडअळ्यांचे कॅडहेरिन जनुक तपासले. त्यांना या जनुकाची बिघडलेली आठ वेगवेगळी रूपे सापडली, आणि त्या आठांवरून 19 तऱ्हांचे एम-आरएनए तयार होत होते. प्रत्येकात एक तर अवेळी पूर्णविराम, नाहीतर किमान 99 अक्षरांचा तुकडा गायब, नाहीतर दोन्ही. आठातली सात रूपे प्रत्येकी एकाहून अधिक प्रकारचा संदेश काढत होती. एका जनुकावरून एकच संदेश निघावा, असे पाठ्यपुस्तकातली आकृती सुचवते. खरे तर एम-आरएनए तयार होताना मधले निरुपयोगी तुकडे कापून उरलेले जोडावे लागतात. ही कापाकापी चुकली की एकाच जनुकावरून कधी असा, कधी तसा फाटका संदेश निघतो. त्या फाटक्या संदेशावरून कॅडहेरिन धड तयार होत नाही, विषाला बसायला जागा मिळत नाही, आणि अळी बोंडात आरामात वाढते. शिक्षक मित्रांनो, प्रतिलेखनावर उत्परिवर्तनाचा परिणाम काय होतो हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. क्राय-1-एसीच्या जोडीला क्राय-2-एबी हे दुसरे प्रथिन असलेले बोलगार्ड-2 बियाणे आले होते. त्याच्या विरोधात अळीचे वेगळे जनुक, एबीसी-ए-2, बिघडलेले निघाले. तिथेही दोष पुन्हा कापाजोडीतच होता, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता एक गैरसमज. तो शेतकऱ्यांत आहे आणि आपल्यातही आहे. ‘बीटी खाऊन खाऊन अळी बदलली’ असे आपण सहज म्हणतो. अळी बीटी खाऊन बदलत नाही. बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती तिच्यात नसतील तर बीटी खाऊन ती मरते. बदल आधीच झालेला असतो, डीएनएची प्रत काढताना. प्रत काढणारे विकर साधारण लाखभर अक्षरांमागे एक चूक करते. मग ती तपासली जाते, दुरुस्त होते, आणि शेवटी अब्जभर अक्षरांमागे एखादी चूक उरते. तरीही माणसाच्या प्रत्येक नवजात बाळात आईतही नाहीत आणि बापातही नाहीत असे साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही. (दुरुस्ती करणारी जनुकेच बिघडली तर मात्र प्रतिकृतीचा सगळा कारभार ढिला होतो; काही घराण्यांत आतड्याचा कर्करोग पिढ्यानपिढ्या दिसतो तो यामुळेच. पण तो आजचा विषय नाही.) लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 मध्येच जिवाणूंवर दाखवून दिले की बदल संकट येण्याआधी घडलेला असतो, संकट फक्त निवड करते. कॅडहेरिन बिघडलेली एखादी अळी बीटी कपाशी भारतात येण्यापूर्वीही कुठल्यातरी बोंडात असणारच. तिला तेव्हा काही फायदा नव्हता. 26 मार्च 2002 ला आपण बीटीला परवानगी दिली, आणि तिचे दिवस पालटले.

चूक निसर्गाची, निवड आपली. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मला जरा कडक शब्दांत मांडायचे आहे.

ही प्रतिकारशक्ती अप्रभावी गुणधर्म म्हणून वारशाने उतरते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेले जनुक मिळाले तरच अळी बीटीला पुरून उरते. एकच बिघडलेली प्रत असली तर ती मरते. म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची छोटी पुडी दिली जायची: 450 ग्रॅम बीटीबरोबर 120 ग्रॅम आश्रय पिकाचे बियाणे. कडेने ते लावायचे, त्यावर साध्या अळ्या वाढू द्यायच्या. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीने मरते. ही सूचना पुस्तिकेत होती, शेतात नव्हती. धुऱ्याकडेची ओळ अळीला खाऊ घालायला कोण लावतो? शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या हातात अडीच एकर आहे त्याला मेंडेलचा नियम कोणी समजावून सांगितला होता? मला वाटते, ते काम विक्रेत्याचे नव्हते. आपले होते.

दुसरी गोष्ट बियाण्याच्या प्रकाराची. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया कपाशीचे सरळ वाण लावतात. आपण संकरित लावतो, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावेच लागते आणि कंपन्यांना तेच परवडते. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरकीत तीनास एक हे मेंडेलचे प्रमाण उतरते. चौथ्या सरकीत ते विष नाही. गुलाबी अळी सरकीच खाते, एका सरकीतून दुसरीत जाते. विष कमी-जास्त चाखत वाढायला तिला इतकी सोय दुसऱ्या कोणी करून दिली नसती. वाटाण्याची फुले फळ्यावर काढण्याऐवजी हे एक बोंड वर्गात फोडले, तर मेंडेल आणि बोंडअळी एकाच तासात शिकवून होतील.

तिसरी गोष्ट वेळेची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2005 साली दाखवले होते की बीटी कपाशीतले क्राय-1-एसी साधारण 110 दिवसांनंतर फार कमी होते. जनुक तेच, पण प्रथिन कमी. गुलाबी अळी तर उशिराच येते. आणि आपण पाणी असेल तिथे फरदड घेतो, वेचणी संपली तरी झाडे मार्चपर्यंत उभी ठेवतो, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचतो. विष उतरणीला लागलेले, अळ्यांची एकावर एक पिढी चालू, आणि उरलेल्या बोंडांत सुप्त अळ्यांचा मुक्काम. अमेरिकेने हीच अळी बीटी कपाशी, नपुंसक पतंग सोडणे आणि शेते वेळेवर रिकामी करणे यांच्या जोरावर हटवली. 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने ती देशातल्या कापूस पट्ट्यातून नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास आपण कापसाचे पंचनामे करत होतो.

आता या विषयाची दुसरी बाजू. ती माणसाच्या रक्ताची आहे.

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केली. इथल्या पोडांवरचे कोलाम, गोंड, परधान, आणि आदिवासींबाहेरचेही कितीतरी समाज हे दुखणे ओळखतात. इथे अळीच्या नेमके उलटे घडते. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात सहाव्या जागी जीएजीचे जीटीजी होते. ‘भजन’चे ‘वजन’ व्हावे तसे. प्रतिकृती बिनचूक निघते, म्हणजे चुकीचीच बिनचूक नक्कल होते. संदेश धड असतो. प्रथिन पूर्ण 146 अमिनो आम्लांचे तयार होते. फक्त ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते, आणि प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात. ज्या मुलाला हा झटका येतो त्याची हाडे इतकी दुखतात की ते चादरीचाही स्पर्श सहन करत नाही. त्याच जनुकात दुसऱ्या जागी बदल झाला, तर कापाजोडी चुकते, हिमोग्लोबिन पुरेसे बनतच नाही, आणि तो थॅलेसेमिया होतो. भारतातल्या थॅलेसेमियाचे सर्वांत सामान्य कारण असाच कापाजोडीचा दोष आहे. अळीचे कॅडहेरिन ज्या पायरीवर बिघडले, तीच पायरी.

सिकलचा हा बदल इतका पसरला कसा? इथेही निवड झाली, पण ती मलेरियाने केली. सिकलचे एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियाचा घातक फटका कमी बसतो, हे अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवले. यात कोणाच्या आईचा, कुळाचा वा देवाच्या कोपाचा काही संबंध नाही. वाहक असणे हा आजार नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भात चारात एक शक्यता उरते, आणि ती तपासणीने आधी कळू शकते. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी मोफत आहे, हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात. जनुकांत फेरफार करणारे उपचार डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण त्यांची किंमत आपल्या तालुक्याच्या आवाक्यातली नाही. आपल्या हातात आहे ती तपासणी.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती मोजकी आहे. या महिन्यात दहावीच्या प्रत्येक मुलाने आपल्या शेतातली दहा हिरवी बोंडे आणावीत, वर्गात फोडावीत, अळ्या मोजाव्यात. दहात एक बोंड किडके निघाले, तर त्या शेताने उपायाची मर्यादा गाठली आहे. घरी जाऊन मुलानेच ते बापाला सांगावे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरीही तेच. आणि त्याच मुलांची सिकलसेल तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी, अहवाल पालकांच्याच हातात द्यावा, वर्गात वाचून दाखवू नये.

शेतकरी बंधूंनो, डिसेंबर संपता संपता शेत रिकामे करा. फरदड घेऊ नका. पऱ्हाट्या धुऱ्यावर ठेवू नका, आणि शेजाऱ्यालाही ठेवू देऊ नका, कारण पतंग सातबारा पाहून उडत नाही.